एका टेबलावरचे चार खेळ

१९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेझ्ली नावाच्या तरुणानं नेपोलियनच्या काळातली एक लुटुपुटीची लढाई मांडली. मित्र जास्त जमले, म्हणून त्यानं सैन्याबाहेरच्या भूमिकाही वाटल्या. एकाला महापौर केलं, एकाला बँकर. झालं! लढाई राहिली बाजूला, जो तो कारस्थानं करत सुटला. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. तशी सोय नियमांत होती कुठे? वेझ्लीला वाटलं, सगळा विचका झाला. मित्र मात्र विचारू लागले, पुन्हा कधी? याच कंपूतल्या डेव्ह आर्नेसननं गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आणला.

या खेळात गेम मास्टर प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन बोलतात, अडलं की फासा टाकतात. शेवटी कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. मग भांडायला उरतं काय?

बरंच उरतं! समजा, चोर झालेल्या गड्यानं झोपलेल्या साथीदाराच्या थैलीतून हिरा लांबवला. साथीदार भडकला, की चोराचं उत्तर तयार: ‘मी काय करू? माझं पात्रच तसं आहे!’ नियमानं त्याचं चुकलेलं नाही. फासाही त्याच्याच बाजूनं पडलाय. पण चिडलंय कोण? पात्र नव्हे, खुर्चीवरचा माणूस.

ग्लेन ब्लेको नावाच्या खेळाडूनं १९८० मध्येच या खेळाच्या चार तऱ्हा सांगितल्या होत्या. कुणाला आपलं पात्र बलाढ्य करायचं असतं, कुणाला डावपेच लढवायचे असतात, कुणाला भूमिकेत शिरायचं असतं, तर कुणाला गोष्ट रंगवायची असते. पत्ते तेच, पण एक जण रमी खेळतोय आणि दुसरा बदाम सात! स्वभाव वाईट कुणाचाच नाही. म्हणून तर हल्ली पहिला फासा पडण्याआधी ‘सेशन झीरो’ घेतात. भीषण प्रसंग कितपत चालतील, आपसांत चोरी चालेल का, हे तिथेच ठरतं. काहींना हा फुकटचा सोपस्कार वाटतो. माझ्या मते खेळाची सगळ्यात हुशार चाल तीच.

तरी ऐनवेळी एखादा प्रसंग कुणाच्या जिव्हारी लागलाच तर? जॉन स्टॅव्ह्रोपूलस नावाच्या गेम डिझायनरनं त्यासाठी एक कार्ड सुचवलं, त्यावर फुली काढलेली. कुणीही त्याला हात लावावा, तो प्रसंग तिथेच वगळायचा. कारण सांगायची सक्ती नाही, आणि नवल त्यातच आहे. एरवी नको म्हणायचं, तर माणसाला आधी आपली जखम उघडी करावी लागते. इथे बोटानं भागतं!

आणि तो हिरा? त्यावर काही टेबलांवर एक झकास नियम असतो: चोरी करायची तर खुशाल कर, पण ती साधली की फसली हे फासा ठरवणार नाही. ज्याची थैली आहे, तो ठरवेल.