आमच्या भिंतींना कान आले!

भिंतींना कान असतात, असे वाडवडील सांगत आले आहेत. आपण ते ऐकतो, क्षणभर आवाज खाली आणतो आणि पुन्हा शेजाऱ्यांविषयी बोलू लागतो. आमच्या अकलूजच्या घरातल्या भिंतींना मात्र गेल्या वर्षभरात खरेखुरे कान आले आहेत. आणि ते मी स्वतः, पेचकस व टेस्टर हातात घेऊन, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी बसवले आहेत. "दिवा लाव" म्हटले की दिवा लागतो, "पंखा बंद" म्हटले की पंखा थांबतो. पाहुणे चकित होतात. सौ. मात्र म्हणते, "पस्तीस वर्षांत माझं एकही काम यांनी पहिल्या हाकेला केलं नाही. आता भिंतीला शिकवताहेत!"

मी निवृत्त विज्ञानशिक्षक; तेव्हा हा उद्योग हौसेचा असेल असे कोणालाही वाटेल. पण त्यामागे हौस नव्हती.

गेल्या वर्षीच्या आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला मुक्कामाला आली. नीरेत पादुकांचे स्नान झाले, रिंगण झाले आणि दरवर्षीप्रमाणे आमच्याकडे पंधरा-सोळा वारकरी उतरले. सोप्यात, माजघरात, जिन्याखाली, जागा मिळेल तिथे माणसे निजलेली. आईचे वय शहाऐंशी. तिची खाट एका भिंतीला, दिव्याचे बटण समोरच्या दाराशी. मध्ये अवघी सहा पावले. पण त्या रात्री त्या सहा पावलांत चार माणसे झोपली होती. रात्री अडीचच्या सुमारास ती उठली, अंधारातच चाचपडत निघाली, कोणाच्या तरी वळकटीत पाय अडकला आणि पडली. उजवा खुबा मोडला.

"हाक का नाही मारलीस?" दवाखान्यात मी विचारले.

"दिवसभर चाललेली माणसं रे. त्यांची झोप मोडायची होय?"

या उत्तरावर काय बोलणार? शस्त्रक्रिया झाली, आई वॉकर घेऊन घरी आली, आणि त्या सहा पावलांचा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. उशाशी घंटी ठेवली. ती तिने एकदाही वाजवली नाही. रात्रभर मंद दिवा ठेवला, तर उजेडात तिला झोप येईना. माणसाची चाहूल लागताच पेटणारा दिवा बसवला. तो आईने कूस बदलली तरी पेटे आणि मांजर गेले तरी पेटे. शिवाय पेटलेला दिवा आपल्याला हवा तेव्हा विझवता येत नाही, हे तिला मुळीच पसंत पडले नाही. खाटेशी दुसरे बटण बसवले असते तर काम भागले असते, असे चाणाक्ष वाचक म्हणतील. मलाही ते सुचले होते. पण संधिवाताने आईची बोटे वाकलेली, आणि भिंतीकडे वळून हात उचलायचा तर नेमका खुब्यावरच भार येई.

वाट दाखवली ती माळीनगरकडे शेती करणाऱ्या माझ्या मेहुण्याने. आमच्या या उसाच्या मुलखात शेतीपंपाला वीज पुष्कळदा रात्रीच येते. पूर्वी शेतकरी कंदील घेऊन, विंचवाकाट्यातून विहिरीवर जाई. आता मेहुणा अंथरुणातूनच मोटारीला फोन लावतो! विहिरीवरच्या पेटीत मोबाइलचे सिमकार्ड असते. ती पेटी फोन उचलते, मोटार चालू करते आणि तसे मराठीत सांगते. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' या नावाने असे यंत्र केले, आणि 2009 साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला पारितोषिकही मिळाले. शहरातली मंडळी दिव्याला हुकूम सोडू लागली, त्याच्या कितीतरी आधी आमचा शेतकरी विहिरीशी बोलत होता, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते. विहीर जर फोनवर येते, तर खाटेसमोरचा दिवा का येऊ नये?

यातले तत्त्व फार जुने आहे. रिले नावाचा एक चिमुकला चुंबक असतो. त्याच्या वेटोळ्यातून पाच व्होल्टचा हलका प्रवाह सोडला की तो टक् आवाज करून एक पट्टी ओढतो, आणि त्या पट्टीने 230 व्होल्टचे मंडल जोडले जाते. जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाला ही करामत 1835 च्या सुमारासच साधली होती. नवे आहे ते त्या चुंबकाला हुकूम देणारे डोके. 2014 साली शांघायच्या एका कंपनीने ईएसपी-8266 नावाची वायफाय असलेली चिप बाजारात आणली. नखाएवढ्या त्या चिपची तयार पट्टी आज दोन-तीनशे रुपयांत मिळते. पट्टी, रिले आणि पाच व्होल्टचा पुरवठा, एवढ्या सामानात कोणत्याही बटणाला घरातल्या वायफायवरून हुकूम देता येतो. चालू बटण ठेवून रिले त्याच्या मागे बसवावा. म्हणजे यंत्र रुसले तरी बोटाने दिवा लागतो. या एका गोष्टीवर मी हट्ट धरला आणि तो किती बरोबर होता ते पुढे कळलेच.

मात्र वाचकांपैकी कोणी उत्साहाच्या भरात बोर्ड उघडणार असेल, तर आधी मेन स्विच खाली करा, टेस्टरने खात्री करा, आणि 230 व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मी आयुष्यभर मुलांना वीज शिकवली. तरी आमच्या वायरमनने माझी पहिली जोडणी पाहून कपाळावर हात मारला. मी रिले न्यूट्रलवर बसवला होता. दिवा विझला असता, पण होल्डरमध्ये वीज जिवंत राहिली असती.

हात झाले, आता कान. माणसाचे बोलणे यंत्राला कळावे हे स्वप्नही जुनेच. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या 'ऑड्री' या यंत्राला 1952 साली शून्य ते नऊ हे अंक ओळखता येत, तेही ओळखीच्या आवाजात. 1962 च्या सिॲटल येथील जागतिक प्रदर्शनात आयबीएमने ठेवलेल्या यंत्राचा शब्दसंग्रह सोळा शब्दांचा होता. सोळा शब्दांत आमच्या घरात सकाळचा चहासुद्धा होणार नाही!

मी प्रथम बाजारातून एक बोलका डबा आणला. त्याला इंग्रजी आणि हिंदी येत होते. आई म्हणाली, "माझ्या घरातल्या दिव्याशी मी हिंदीत बोलू?" डबा सुनेकडे मुंबईला रवाना झाला.

मग चिरंजीवांचा जुना संगणक माळ्यावरून खाली उतरला. त्यावर 'होम असिस्टंट' नावाची, फुकट मिळणारी व्यवस्था बसवली. बोलणे लिहून काढण्याचे काम 'व्हिस्पर' हा 2022 साली आलेला प्रोग्राम करतो. त्याला ज्या अनेक भाषा येतात त्यांत मराठीही आहे. हे सारे घरच्या घरी चालते. इंटरनेट गेले तरी दिवा लागतो आणि आमचे बोलणे उंबऱ्याबाहेर जात नाही, ही मला मोठी सोय वाटली. आमच्या घरातली भांडणे परदेशातल्या संगणकाने का ऐकावीत?

यंत्राला जागे करायला एक परवलीची हाक लागते. आयत्या हाकांमधून मी 'हे जार्विस' निवडली. आईच्या तोंडी तिचे "ए चार वीस" झाले. आश्चर्य म्हणजे यंत्र त्यालाही उठते! तेव्हापासून आमच्या घरात त्याचे नाव 'चार वीस' हेच पडले आहे.

पहिल्या रात्री सगळे घर आईच्या खोलीत जमले. "ए चार वीस, दिवा लाव." दोन-तीन श्वास गेले आणि दिवा लागला. नातवाने टाळ्या पिटल्या. आईने जन्माच्या सवयीने दिव्याला हात जोडले. मग समाधानाने पडली आणि म्हणाली, "ए चार वीस, दिवा वाढव."

दिवा होता त्याच्या दुप्पट प्रखर झाला.

तिने पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने. दिवा आणखी झगझगला. डोळ्यांवर पदर ओढून ती म्हणाली, "ह्याला काय मराठी येतंय?"

चूक यंत्राची नव्हती. 'वाढव' म्हणजे उजेड वाढव, हे त्या वहीत मीच लिहून दिले होते. ज्या माउलीने मला बोलायला शिकवले, तिने आयुष्यात कधी दिवा 'विझवला' नाही. घरातला दिवा विझवायचा नसतो. तो वाढवायचा, मालवायचा, फार तर शांत करायचा. बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणणारी ही पिढी. साठ वर्षे मी ते कानांनी ऐकले होते, आणि यंत्राला शिकवायला बसलो तेव्हा पाठ्यपुस्तकातले मराठी लिहून मोकळा झालो होतो!

दुसऱ्या दिवसापासून मी खिशात वही घेऊन घरभर हिंडू लागलो. कोण काय म्हणते ते टिपायचे. आई: वाढव, शांत कर, मालव. सौ.: बंद कर, तेही अर्धे वाक्य गिळून. नातू: घालव. सूनबाई: लाईट ऑफ. कामाला येणाऱ्या मावशी: बत्ती काढ. पंख्याच्या बाबतीत तर 'जरा' हा शब्द, सौ.चा 'जरा' आणि माझा 'जरा' यांत दोन नंबरांचे अंतर आहे. शेवटी पंख्याचा वेग मी रेग्युलेटरवरच सोडला. आठवड्याभरात चाळीसहून अधिक वाक्ये जमली. 'वाढव'चा अर्थ आईच्या खोलीत विझवणे आणि बाकी घरात उजेड वाढवणे, असा तोडगा काढला. कोणत्या खोलीतून हाक आली हे यंत्राला कळतेच. तारा जोडायला मला दोन रविवार लागले होते. ही वही पुरी व्हायला दिवाळी उजाडली.

यशाने माणूस चढतो. पुढे मी पाण्याच्या मोटारीकडे वळलो. एक अश्वशक्तीची मोटार म्हणजे 746 वॅट. हिशेबाने दहा अँपिअरच्या रिलेला ती सहज पेलावी. पण मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, हे वर्गात शिकवणारा मी घरी विसरलो. तिसऱ्या दिवशी रिलेच्या टोकांचे धातू वितळून एकमेकांना चिकटले. "मोटार बंद," मी म्हटले. "मोटार बंद केली आहे," असे चार वीसने अदबीने सांगितले, आणि मी निर्धास्तपणे वर्तमानपत्र उघडले. मोटार चालूच होती. टाकी भरून वाहिली आणि शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया गेल्या. यंत्र खोटे बोलले नव्हते. आपण हुकूम दिला एवढेच त्याला ठाऊक होते. आता मोटारीला वायरमनने बसवलेला काँटॅक्टर आहे, टाकीत तरंगता स्विच आहे, आणि शेजाऱ्यांकडे आमच्या कुरडया आहेत.

बारीकसारीक त्रास पुष्कळ झाले. वीज जाऊन आली की सारे दिवे मध्यरात्री लागत; वीज परतल्यावर रिलेने बंद राहायचे, हे त्याला शिकवावे लागले. आईची खोली आणि वायफायचा डबा इन्व्हर्टरवर घेतला. देवघरात मात्र आईने मला तार ओढू दिली नाही. "तिथला दिवा हातानंच लावायचा," ती म्हणाली, आणि मला ते मनापासून पटले.

यंदा पुन्हा पालखी आली. पुन्हा पंधरा-सोळा माणसे, पुन्हा त्या सहा पावलांत वळकट्या. मी निश्चिंत होतो. ज्या रात्रीसाठी हा सारा खटाटोप केला ती रात्र आली होती. पहाटे पाहतो तो आई खाटेवर टक्क जागी, पाय खाली सोडून बसलेली.

"दिवा लागला नाही?"

"मी सांगितलं त्याला. हळूच. त्याला ऐकू गेलं नाही."

तिने कुजबुजत सांगितले होते. कुजबुजताना घशातला नाद उमटत नाही, नुसता श्वास जातो. माझ्या यंत्राची परवलीची हाक नादावाचून ओळखली जात नव्हती. 'व्हिस्पर' या शब्दाचा अर्थच कुजबूज. पण त्याच्यापर्यंत निरोप पोहोचायचा तर आधी दारातला पहारेकरी उठायला हवा ना! आणि मोठ्याने बोलायचे, तर माणसांची झोप मोडणार. म्हणून शहाऐंशीची सत्त्याऐंशी झालेली माझी आई अडीच वाजल्यापासून उजाडेपर्यंत तशीच बसून राहिली.

त्याच दिवशी मी एक बिनतारी बटण आणले. बोट न लावता तळहाताने दाबता येईल एवढे मोठे. त्याला दोरी बांधून ते तिच्या उशाशी अडकवले. चार वीसची बोलती तिच्या खोलीपुरती रात्री दहानंतर बंद केली. आता तो नुसता निळा ठिपका दाखवतो. एरवी आई त्याच्याशी तोंडानेच बोलते, बटणाला हात लावत नाही. बटण म्हणे पाहुणे असताना वापरायचे.