नाकारलेला कॅशबॅक आणि छोट्या दाव्यांचे न्यायालय

ब्रिटनमध्ये २००० नंतरच्या दशकात मोबाइल विकण्याची एक पद्धत जोरात चालली. हँडसेट फुकट मिळायचा, ग्राहकाने १२ किंवा १८ महिन्यांचा करार करायचा, दरमहा बिल भरायचे आणि त्यातला मोठा हिस्सा दुकानदार ठरावीक टप्प्यांनी परत करायचा; हाच कॅशबॅक. समजा, महिना ३५ पौंडांचा १८ महिन्यांचा करार आहे. ग्राहक एकूण ६३० पौंड भरतो. दुकानदाराने ६० पौंडांचे पाच हप्ते परत देण्याचे कबूल केले, तर ३०० पौंड परत मिळून मोबाइल जवळजवळ निम्म्या खर्चात पडतो. मात्र हे पैसे आपोआप येत नसत. ठरलेल्या महिन्याचे बिल, ठरलेल्या मुदतीत, टपालाने पाठवून प्रत्येक हप्ता मागून घ्यावा लागे.

मेख इथेच होती. ग्राहक मिळवून दिल्याबद्दल मोबाइल नेटवर्क कंपनी दुकानदाराला कमिशन देई आणि त्या कमिशनमधून कॅशबॅक द्यायचा असे. काही विक्रेत्यांनी कमिशनला परवडणार नाही एवढा कॅशबॅक जाहीर केला. बरेच ग्राहक हप्ता मागायला विसरतील किंवा अटीत चुकतील, यावरच त्यांचा हिशेब बसत होता. मग नकाराची कारणेही ठरलेली असत: बिल पोहोचलेच नाही, दोन दिवस उशिरा आले, मूळ प्रत नाही, इंटरनेटवरून छापलेले बिल चालत नाही, मधल्या काळात ग्राहकाने प्लॅन बदलला.

तक्रारी वाढल्यावर दूरसंचार नियामक ‘ऑफकॉम’ने लक्ष घातले. २००७ मध्ये नेटवर्क कंपन्यांनी ऐच्छिक आचारसंहिता स्वीकारली. ती पुरेशी ठरली नाही, म्हणून २००९ मध्ये बंधनकारक नियम आले. कॅशबॅकच्या अटी अवाजवी जाचक नसाव्यात आणि ग्राहकाला त्या नीट कळवल्या जाव्यात, याची जबाबदारी नेटवर्क कंपन्यांवर आली. पण नियामक एकेका ग्राहकाचे पैसे वसूल करून देत नाही. ज्याचे ६० किंवा ३०० पौंड अडकले, त्याला दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो.

कायद्याच्या नजरेत कॅशबॅक ही दुकानदाराची मेहेरबानी नव्हे, ते करारातले वचन आहे. याचा पाया १८९२ च्या कारलिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी या खटल्यात सापडतो. आपले औषध सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला, तर १०० पौंड देऊ, अशी जाहिरात या कंपनीने केली होती. पैसे मागितल्यावर ती केवळ जाहिरातबाजी होती, असा बचाव कंपनीने घेतला. अपील न्यायालयाने तो फेटाळला. जाहीर केलेल्या अटी पाळणाऱ्याशी करार झालेला असतो आणि रक्कम द्यावीच लागते, असा निकाल लागला. त्यामुळे कॅशबॅकच्या दाव्यात पहिला प्रश्न असतो, ग्राहकाने अटी पाळल्या का? पाळल्याचा पुरावा असेल तर दावा सरळ आहे.

अट पाळण्यात थोडी चूक झाली असेल, तर दुसरा प्रश्न येतो. ती अट ग्राहकावर बंधनकारक होती का? इंटरफोटो विरुद्ध स्टिलेटो या १९८० च्या दशकातील खटल्यात ४७ फोटो पारदर्शिका उशिरा परत केल्याबद्दल ३,७८३ पौंडांहून अधिक रकमेचे बिल लावले गेले होते. एवढी जाचक अट कागदावर छापलेली असली, तरी ती समोरच्याच्या नजरेस ठळकपणे आणून द्यायला हवी, असे अपील न्यायालयाने म्हटले आणि ती रक्कम मंजूर केली नाही. शिवाय ग्राहक करारांतील अन्याय्य अटींविरुद्ध १९९९ ची नियमावली होती. २०१५ पासून तिची जागा ग्राहक हक्क कायद्याने घेतली. सद्भाव सोडून ग्राहकाच्या विरुद्ध पारडे फार झुकवणारी अट त्याला बांधत नाही आणि संदिग्ध अटीचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावला जातो, ही दोन्हींतली मुख्य सूत्रे.

दावा कोणावर लावायचा, हे आधी नक्की करावे लागते. कॅशबॅकचे वचन बहुतेक वेळा दुकानदाराने दिलेले असते, नेटवर्क कंपनीने नव्हे. म्हणून कॅशबॅक अडला तरी मासिक बिल थांबवता येत नाही. थांबवल्यास ग्राहकच थकबाकीदार ठरतो. शिवाय दुकानाच्या पाटीवरचे नाव आणि कंपनीचे नोंदणीकृत नाव वेगळे असू शकते. दावा नोंदणीकृत नावावरच लावावा लागतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘स्मॉल क्लेम्स’ ही काउंटी कोर्टाचीच एक सोपी कार्यपद्धत आहे. तिची सुरुवात १९७३ मध्ये झाली आणि १९९९ च्या दिवाणी प्रक्रिया सुधारणांनी तिला आजचे रूप दिले. तेव्हाची ५,००० पौंडांची मर्यादा २०१३ मध्ये १०,००० पौंड झाली. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे. तिथे शेरिफ कोर्टात ५,००० पौंडांपर्यंतचे दावे ‘सिंपल प्रोसिजर’ने चालतात. करारभंगाचा दावा इंग्लंडमध्ये सहा वर्षांच्या आत लावता येतो.

तयारी कागदपत्रांपासून होते. करार, खरेदीच्या दिवशीची जाहिरात आणि अटी, पाठवलेल्या बिलांच्या प्रती, टपाल कचेरीची पोचपावती आणि दुकानदाराशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार लावावा लागतो. नंतर दुकानदाराला दावापूर्व पत्र द्यायचे. त्यात किती रक्कम, कोणत्या हप्त्याची, कशाच्या आधारे मागितली आहे हे लिहून साधारण १४ दिवसांची मुदत देतात. हे पत्र न देता थेट दावा लावणे न्यायालयाला रुचत नाही.

मुदत उलटली की दावा अर्ज भरून किंवा ऑनलाइन लावता येतो. ‘मनी क्लेम ऑनलाइन’ या जुन्या संकेतस्थळावर दाव्याचा तपशील १,०८० अक्षरचिन्हांत बसवावा लागे, त्यामुळे मुद्देसूद लिहिणे भागच होते. शुल्क रकमेनुसार चढते आणि दावा जिंकल्यास ते प्रतिवादीकडून मिळते. १९८४ च्या काउंटी कोर्ट्स कायद्याखाली थकलेल्या रकमेवर व्याजही मागता येते. प्रचलित दर वर्षाला ८ टक्के सरळ व्याजाचा आहे, म्हणजे ६० पौंडांवर वर्षाला ४ पौंड ८० पेन्स. दावा हाती पडल्यावर प्रतिवादीला उत्तरासाठी १४ दिवस असतात. दावा मिळाल्याची नोंद त्याने केली तर २८. उत्तर आलेच नाही, तर दावेदाराला सुनावणीशिवाय एकतर्फी निकाल मागता येतो.

दावा लागताच दुकानदाराचा हिशेब बदलतो. पत्राला उत्तर न देणे फुकट असते, पण दाव्याला उत्तर न देणे महागात पडते. ६० पौंडांसाठी वकील उभा केला, तर त्याचा खर्च मागणीपेक्षा जास्त होतो आणि जिंकूनही तो सहसा परत मिळत नाही. म्हणून असे दावे सुनावणीआधीच मिटण्याचा संभव बराच असतो. मे २०२४ पासून बहुतेक छोट्या दाव्यांत आधी टेलिफोनवरून विनामूल्य मध्यस्थी सक्तीची आहे. १९९२ मध्ये हूवर कंपनीने १०० पौंडांच्या खरेदीवर विमानाची तिकिटे देऊ केली आणि मग ती देताना अडचणी आणल्या, तेव्हाही अनेक ग्राहकांनी छोट्या दाव्यांचीच वाट धरली होती. त्या योजनेत सुमारे २,२०,००० लोकांनी प्रवास केला आणि कंपनीला जवळपास ५ कोटी पौंडांचा भुर्दंड बसला.

सुनावणी झालीच, तर ती जिल्हा न्यायाधीशांपुढे, बहुधा साध्या खोलीत होते. पुराव्याचे कडक नियम लागू नसतात आणि वकिलाची गरज नसते. जिंकणाऱ्याला शुल्क, प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजगाराबद्दल दिवसाला ९५ पौंडांपर्यंत मिळू शकतात. हरणाऱ्यावर समोरच्या वकिलाचा खर्च पडत नाही, मात्र त्याचे वागणे अवाजवी ठरले तर पडू शकतो.

निकाल लागला म्हणजे पैसे हातात आले, असे नाही. महिन्याभरात रक्कम न भरल्यास निकालाची नोंद सहा वर्षे राहते आणि प्रतिवादीची पत घसरते. चालत्या कंपनीला एवढे पुरते. तरीही न देणाऱ्याकडे बेलिफ पाठवता येतो किंवा त्याच्या बँक खात्यातून वसुलीचा आदेश मिळवता येतो. पण दुकानदार कंपनीच दिवाळखोरीत गेली, तर ग्राहक विनातारण धनकोंच्या रांगेत उभा राहतो आणि हाती फारसे लागत नाही. क्रेडिट कार्डाने केलेल्या खरेदीला १९७४ च्या कायद्याचे ७५ वे कलम संरक्षण देते, पण त्यासाठी वस्तूची किंमत १०० पौंडांहून अधिक असावी लागते. हँडसेट फुकट घेतलेल्याला तो आधार सहसा मिळत नाही. त्यामुळे पहिला हप्ता अडताच दावा लावणे शहाणपणाचे. अठरा महिने वाट पाहिली, तर दावा लावायला दुकान उरेलच असे नाही.

महाराष्ट्रातल्या ग्राहकाने यावरून मुंबई-पुण्याच्या लघुवाद न्यायालयाकडे जाऊ नये; तिथे मुख्यतः घरभाड्याचे आणि ताब्याचे वाद चालतात. भारतात अशा तक्रारीची जागा जिल्हा ग्राहक आयोग ही आहे. देऊ केलेली भेट किंवा लाभ न देण्याच्या हेतूनेच जाहीर करणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तक्रार ग्राहकाच्या राहत्या किंवा कामाच्या जिल्ह्यात, वकिलाशिवाय आणि ऑनलाइनही करता येते. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला कारावास किंवा किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुदत मात्र इंग्लंडपेक्षा कमी, म्हणजे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे.