प्रश्नांची पाच मिनिटं

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या! पण विषय महत्त्वाचा आहे : संशोधन परिषद भरवायची कशी?

मी माढ्याची. आमच्या तालुक्यातलं कुर्डुवाडी जंक्शन ऐकलं असेलच. पुणे-सोलापूर आणि मिरज-लातूर या लाइन तिथे भेटतात. एक गाडी लेट झाली की पुढची चुकली! परिषदेचंही तसंच. गावोगावचे संशोधक वर्षातून एकदा एकत्र येतात. तिथे भेट हुकली की थेट पुढच्या वर्षी.

भारतीय विज्ञान काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १५ ते १७ जानेवारी १९१४ ला कलकत्त्याला भरलं. १०५ शास्त्रज्ञ आणि ३५ पेपर, एवढंच. तरीही भौतिक, रसायन, वनस्पती, प्राणी, भूगर्भ आणि मानववंश असे ६ विभाग केले होते. रसायनवाल्याला रसायन समजणारा श्रोता मिळाला तरच चर्चा रंगते ना! म्हणून कोण कोणाला ऐकणार, हे आधी ठरवायचं.

दुसरं म्हणजे यजमान आणि पैसा. नागपूरला जानेवारी २०२३ मध्ये याच काँग्रेसचं १०८ वं अधिवेशन झालं. पण निधीचा वाद झाला आणि जानेवारी २०२४ चं अधिवेशन भरलंच नाही. एवढ्या जुन्या संस्थेचं असं होतं, तर आपलं काय!

मग तारीख, तीसुद्धा परीक्षा बघून. सारांश मागवायचे, जाणकारांकडून तपासून घ्यायचे, आणि निवड लवकर कळवायची, म्हणजे लोकांना रिझर्वेशन मिळतं. उतरायची सोय? आहेतच आपल्या हॉस्टेलच्या रूम!

खरी कसोटी वेळापत्रकाची. १० ते ५ मधून जेवणाचा तास वजा केला की ३६० मिनिटं. उद्घाटन ६०, चहा ३०. उरली २७०. पेपरला १० आणि प्रश्नांना ५ मिनिटं धरली, तर १८ पेपर बसतात. आता पाहुणे तासभर उशिरा आले तर? पेपर कोणी रद्द करत नाही. प्रश्नांची ५ मिनिटं गुपचूप कापतात.

गेल्या वर्षी एका कॉलेजात माझा पहिला पेपर होता. ठिबकच्या नळ्या क्षारांनी का तुंबतात, यावर. हा आमच्या शेतातलाच प्रॉब्लेम. पाहुणे उशिरा, मग हार-तुरे, भाषणं. माझं संपलं तसा मागच्या रांगेतल्या एका सरांनी हात वर केला. तेवढ्यात बेल वाजली. "चला, नेक्स्ट!" जेवणाच्या सुट्टीत शोधलं, तर ते निघून गेले होते.

म्हणून आपल्या डिपार्टमेंटची परिषद होईल तेव्हा एकच नियम करूया. पाहुणे लेट झाले तर पेपर सुरू करायचे, उद्घाटन मधे उरकायचं. सत्कार थांबू शकतो.

त्या सरांना काय विचारायचं होतं, मला अजून माहीत नाही. आणि आमच्या नळ्या अजून तुंबतातच.