बोथ: सीमेआधीचा तालुका

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याचे एक मंडल आणि अनुसूचित जमातींसाठी राखीव विधानसभा मतदारसंघ, एवढ्यावर आज बोथची ओळख आटोपते. या चौकटीत गावाचा इतिहास मात्र मावत नाही. हैदराबाद राज्यात बोथ हा तालुका होता आणि 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने तो तालुकाच चिरला गेला. मुंबई राज्याकडे जाणाऱ्या मुलखाच्या यादीत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके अख्खे आहेत. बोथचे मात्र एकटे इस्लापूर सर्कल. 1 नोव्हेंबर 1956 रोजी इस्लापूर तिकडे गेले, 1960 साली महाराष्ट्रात आले आणि आज नांदेड जिल्ह्यात आहे. बोथ आंध्र प्रदेशात राहिले. म्हणून बोथचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला नांदेड जिल्ह्याचाही उंबरठा ओलांडावाच लागेल.

यावर कोणी म्हणेल, सीमा भाषेवर ठरली. मराठी मुलूख गेला, तेलुगू राहिला, हिशेब मिटला. पण रेघ ओढली ती तालुके आणि महसुली सर्कले धरून. त्याच कायद्याने मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही नांदेडची सर्कले उलट आदिलाबादला जोडली, आणि त्या भागात मराठी आजही बोलली जाते. सर्कलचे पारडे एका भाषेकडे झुकले, म्हणून त्यातले प्रत्येक गाव त्याच भाषेचे ठरत नाही. शिवाय गोंडी आणि लंबाडी बोलणाऱ्यांना या वाटणीत स्वतःची बाजूच नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1985 साली आंध्रात तालुके जाऊन मंडले आली, 2016 साली आदिलाबादचे चार जिल्हे झाले. मग जुना तालुका उकरून काय साधणार? उत्तर जमिनीच्या कागदात आहे. हैदराबाद राज्यात 1954-55 साली खासरा पहाणी झाली. सर्व्हे नंबर, क्षेत्र, पट्टेदार कोण आणि प्रत्यक्ष कब्जा कोणाचा, हे तीत नोंदले गेले. जमिनीचा जुना हक्क तपासताना तेलंगणात आणि मराठवाड्यात अजून तोच कागद काढतात. तो तयार झाला तेव्हा बोथ आणि इस्लापूर एकाच तहसिलीत होते. सीमावाद पुन्हा पेटवण्याचे हे निमित्त नव्हे; प्रश्न अभ्यासाच्या शिस्तीचा आहे. स्थानिक इतिहासाचे एकक 1956 पूर्वीचा तालुका धरला, तरच दोन राज्यांत विभागलेली दप्तरे शेजारी ठेवून वाचता येतील, आणि कोणत्या कुळाची जमीन रेघेच्या कोणत्या बाजूला पडली हे सांगता येईल.