टांकसाळीची कसूर

खिशातील चिल्लर मोजताना एखादे चेपलेले अथवा अर्धवट उमटलेले नाणे हाती आले, की ते टांकसाळीतूनच सदोष निघाले असावे आणि म्हणून मौल्यवान असावे, असा तर्क मनुष्य मोठ्या उत्साहाने करतो. परंतु अशा नाण्याबद्दल आधी ठरवावयाचे ते हे, की त्यात व्यंग उत्पन्न झाले ते ठसा बसण्यापूर्वी, ठसा बसतेवेळी, की ते चलनात आल्यानंतर.

मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील सरकारी टांकसाळींत धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात, त्यांची कड उठवितात आणि मग पोलादी कड्यात बसवून त्या दोन ठशांमध्ये दाबतात. वाटीने पुऱ्या कापताना वाटी आधीच्याच भोकावर पडावी, तशी पट्टी पुरेशी पुढे न सरकता कापली गेली, तर चकतीला कमानदार खाच पडते. हिची पारख खाचेपाशी न करता तिच्या समोरच्या कडेवर करावी. कड उठविताना खाचेच्या जागी दाब मिळत नाही, त्यामुळे बरोबर समोरची कडही बहुधा पुसट राहते, आणि घरी कानशीने घासून केलेल्या खाचेला हा दाखला पैदा करता येत नाही. तडकलेल्या ठशाची रेघ नाण्यावर उंच उठते, ओरखडा मात्र खोल जातो. कडे जागेवर नसताना ठसा पडला, तर नाणे पसरते, पण अक्षरे ठसठशीत राहतात. रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटा केलेला रुपयाही पसरतो, परंतु त्याची अक्षरे फासटून जातात. आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीच्या एका बाजूस त्याचेच चित्र उलटे आणि खोलगट उमटते. संग्राहक जीव टाकतात तो या प्रकारावर, आणि तो आग्रह मला रास्त वाटतो, कारण असा दोष टांकसाळीबाहेर घडविणे सोपे नाही.

हा न्याय अर्थात यंत्राच्या नाण्याचा. हाताने ठसा मारून पाडलेल्या तांब्याच्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे संपूर्ण क्वचितच सापडतात. तेथे मध्य चुकणे ही नित्याचीच गोष्ट होती, आणि तेवढ्यावरून अधिक दाम मागणारा विक्रेता गिऱ्हाइकाच्या अज्ञानाचेच मोल घेत असतो.

जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क अथवा कमिशन मागणाऱ्यांची गोष्ट याहून गंभीर; आपण असा कोणताही व्यवहार करीत नाही, असे त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.