धावणाऱ्याला प्रतिस्पर्धी का हवा?

दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचा सराव बहुतांशी एकट्याने करावा लागतो आणि त्याचे फळ उशिरा मिळते. दम वाढणे, स्नायूंची सहनशक्ती सुधारणे आणि वेगात भर पडणे हे बदल दिसण्यासाठी कित्येक महिने जावे लागत असल्यामुळे, सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर ‘आरोग्यासाठी धावणे’ हे दूरचे कारण पहाटे अंथरूण सोडायला पुरेसे ठरत नाही. अशा वेळी आपल्याच तोलामोलाच्या एखाद्या परिचिताशी केलेली निकोप स्पर्धा सराव टिकवून धरते. मात्र प्रतिस्पर्धी कोण आहे आणि स्पर्धा कशाची आहे, यावर तिचा परिणाम सर्वस्वी अवलंबून असतो.

या विषयाचा शास्त्रीय विचार सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झाला. सायकलस्वार घड्याळाशी एकट्याने झुंजताना जितक्या वेगाने जातात त्याहून अधिक वेगाने ते इतरांच्या सोबतीने जातात, ही गोष्ट अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली मांडली. पुढे १९२० च्या दशकात जर्मनीत ओटो क्योलर यांनी नौकानयन मंडळाच्या सदस्यांवर प्रयोग केले, तेव्हा जोडीने श्रम करताना दोघांतील दुर्बळ सदस्य एकट्याने करतो त्यापेक्षा अधिक काळ तग धरतो आणि हा लाभ दोघांच्या क्षमतेत मध्यम अंतर असताना सर्वाधिक असतो, असे त्यांना आढळले. अंतर फार मोठे असेल तर पाठलाग व्यर्थ वाटतो आणि अंतरच नसेल तर पाठलागाचे कारण उरत नाही, अशी याची उपपत्ती लावता येते. गॅव्हिन किल्डफ यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका धावपटू मंडळाच्या शर्यतींचे निकाल तपासले असता, ज्याच्याशी वारंवार अटीतटीची लढत झाली आहे असा ओळखीचा प्रतिस्पर्धी शर्यतीत असताना धावपटू दर किलोमीटरला सुमारे पाच सेकंद अधिक वेगाने धावल्याचे दिसले. दहा किलोमीटरच्या शर्यतीत ही बचत पाऊण मिनिटाहून अधिक होते, आणि हौशी धावपटूला तेवढ्यासाठी एरवी कित्येक आठवड्यांचा सराव खर्ची घालावा लागतो.

तोलाचा प्रतिस्पर्धी मिळाल्याने काय घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण १९५४ सालचे आहे. ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी हा एक मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत पार करण्याच्या ध्येयाने झपाटलेला धावपटू होता. परंतु मायदेशात त्याला गाठू शकेल असा कोणीही नसल्याने तो बहुतेक शर्यती इतरांना मागे टाकून एकट्यानेच पुऱ्या करी आणि त्याची वेळ चार मिनिटे दोन सेकंदांच्या आसपास अडकून पडली होती. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टरने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांची नोंद केली, आणि तीही क्रिस ब्रॅशर व क्रिस चॅटवे या मित्रांनी आळीपाळीने पुढे राहून वेग राखून दिल्यामुळे. त्यानंतर ४६ दिवसांनी फिनलंडमधील तुर्कू येथे तोच चॅटवे लँडीच्या मागोमाग धावत राहिला आणि लँडीने बॅनिस्टरचा विक्रम एका सेकंदाहून अधिक फरकाने मोडला. ७ ऑगस्टला व्हँकुव्हरमध्ये लँडी आणि बॅनिस्टर समोरासमोर आले. अखेरच्या वळणावर आघाडीवरील लँडीने डाव्या खांद्यावरून मागे पाहिले आणि नेमक्या त्याच क्षणी बॅनिस्टर उजवीकडून पुढे निसटला. तरीही दोघांनी चार मिनिटांच्या आत शर्यत संपवली आणि एकाच शर्यतीत असे घडण्याची ती पहिली वेळ होती. स्पर्धा निकोप असणे म्हणजे काय, हेही याच लँडीने १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत दाखवून दिले. शर्यत चालू असताना पडलेल्या रॉन क्लार्कची विचारपूस करण्यासाठी तो मागे फिरला, आणि नंतर पुन्हा धावून त्याने ती शर्यत जिंकली.

महाराष्ट्रालाही असे उदाहरण लाभले आहे. सातारा जिल्ह्यातील मोही गावची ललिता बाबर आणि उत्तर प्रदेशची सुधा सिंग यांनी ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे व पाण्याचे खड्डे ओलांडत धावण्याच्या शर्यतीत, राष्ट्रीय विक्रम अक्षरशः एकमेकींकडून हिरावून घेतला. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ललिताने सुधाचा विक्रम मोडला. मे २०१६ मध्ये सुधाने शांघायमध्ये ९ मिनिटे २६.५५ सेकंदांची वेळ देऊन तो परत मिळवला आणि तीन महिन्यांतच रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ललिताने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांपर्यंत मजल मारून अंतिम फेरी गाठली. दोघींपैकी एकीनेही आपल्या विक्रमावर समाधान मानून थांबणे दुसरीमुळे अशक्य झाले होते.

हौशी धावपटूंच्या बाबतीत मात्र एक धोका ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. सरावाचा मोठा भाग ‘इझी रन’चा, म्हणजे बोलता बोलता धावता येईल अशा संथ गतीचा, असावा लागतो, परंतु मोबाईलवरील ॲपमध्ये मित्राची गती दिसताच अनेक जण ही संथ धावही शर्यतीसारखी धावतात, आणि महिन्याच्या एकूण किलोमीटरची चढाओढ लागली तर अंतर एकाएकी वाढवून नडगीचे किंवा गुडघ्याचे दुखणे ओढवून घेतात. म्हणून दैनंदिन सरावात चुरस ठेवायचीच असेल तर ती ठरलेले दिवस न चुकवण्याची असावी आणि वेगाची चुरस शर्यतीच्या दिवसापुरती राखावी, हे अधिक शहाणपणाचे आहे. क्षमता असमान असतील तर ‘हँडिकॅप’ पद्धत वापरता येते; तीत अपेक्षित वेळेच्या हिशेबाने संथ धावणारा आधी आणि वेगवान धावणारा नंतर निघतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्यावर सारेच एकमेकांच्या जवळ येतात. ऑस्ट्रेलियातील स्टॉवेल गिफ्ट ही १८७८ पासूनची १२० मीटरची प्रसिद्ध शर्यत याच तत्त्वावर चालते, फरक इतकाच की तेथे सवलत वेळेऐवजी अंतराची दिली जाते. वयोभिन्नतेसाठी ‘एज ग्रेडिंग’ आहे. त्यात प्रत्येकाची वेळ त्याच्या वयाच्या व लिंगाच्या सर्वोत्तम प्रमाण वेळेशी ताडून टक्केवारी काढतात, आणि साठीतील आजी विशीतल्या नातवाला रीतसर हरवू शकते.

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी पावसाळ्यातच, जेव्हा सराव सर्वाधिक बुडतो तेव्हा, आपल्यापेक्षा किंचित पुढे असलेला एक सोबती निवडावा आणि शर्यतीच्या दिवशी त्याला गाठण्याचा आपला इरादा त्याला आधीच मोकळेपणाने सांगून ठेवावा.