तान्ह्या बाळाची सर्दी आणि ताप

तान्ह्या बाळाला सर्दी झाली की घरातल्यांचे लक्ष औषधाकडे वळते. वास्तविक ते आधी बाळाच्या नाकाकडे वळले पाहिजे. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते आणि दूध पिताना त्याचे तोंड गुंतलेले असते. त्यामुळे नाक चोंदले की ते दोन घोट घेऊन रडू लागते आणि अर्धपोटी राहते. यावर साधा उपाय म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारे सलाईनचे, अर्थात निर्जंतुक मिठाच्या पाण्याचे थेंब. पाजण्याच्या थोडे आधी ते प्रत्येक नाकपुडीत एक-दोन सोडले की घट्ट शेंबूड सैल होतो. आईला स्वतःला सर्दी असली तरी अंगावरचे दूध थांबवू नये, कारण रोगाशी लढणारी प्रतिपिंडे बाळाला त्यातूनही मिळतात.

सर्दी विषाणूंमुळे होते, तर प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) केवळ जिवाणूंवर चालतात, म्हणून साध्या सर्दीत त्यांचा उपयोग नसतो. खोकल्याच्या सिरपचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकाने दूषित झालेल्या सिरपमुळे अनेक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली; त्यांपैकी काहींवर नागपुरात उपचार चालू होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, अशी सूचना काढली. खरे तर शुद्ध सिरपचाही या वयात फारसा लाभ होत नाही.

घरगुती उपचार मायेपोटी केले जातात, पण त्यांतले काही घातक असतात. ओवा-वावडिंगाच्या धुरीने आधीच सुजलेली श्वासनलिका आणखी चिडते, कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात, नाकात सोडलेले तेल फुप्फुसात उतरू शकते, आणि वर्षाच्या आत मध चाटवल्यास बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होण्याचा धोका असतो.

ताप म्हणजे ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा त्याहून अधिक तापमान. तीन महिन्यांखालील बाळाला एवढा ताप आला तर घरी वाट न पाहता त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. त्याहून मोठे बाळ तापामुळे बेचैन असेल, तर वजनानुसार डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल देता येते. मात्र आपल्याकडे त्याच्या ड्रॉप्समध्ये बहुधा दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर १२५ मिलिग्रॅमच्या सिरपमध्ये हे १२५ मिलिग्रॅम पाच मिलिलिटरमध्ये असतात, म्हणून सिरपचे माप ड्रॉप्सला लावल्यास चौपट औषध पोटात जाते. कुंची आणि दुपट्यांचे थर चढवल्याने अंगातली उष्णता कोंडते; सुती, सैल कपडे पुरेसे असतात.

बाळ शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखाली ते ६० किंवा अधिक, पुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक भरले, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध घेत नसेल, किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर रात्र असली तरी बाळाला तात्काळ रुग्णालयात न्यावे.